परकीय भाषा विभागांचे यश नेमके छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबरच्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचा निकाल जानेवारीअखेर लागतो आणि विद्यापीठांच्या परकीय भाषा विभागांच्या ‘घवघवीत यशा’च्या बातम्या सुरू होतात. मुलांच्या कष्टांना वर्तमानपत्रात जागा मिळते, हे चांगलेच आहे. पण नेमके काय साधले, ते या बातम्यांतून कळत नाही. बारावीनंतर मुलीला जपानी किंवा जर्मन घेऊ द्यावे का, या विचारात असलेल्या पालकांना तर काहीच हाती लागत नाही. लागणारे आकडे विभागांकडे असतात. ते मागून घ्यावेत आणि छापावेत.

जपानीचेच घ्या. जेएलपीटीच्या पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. एन-५ झालेला विद्यार्थी लिपी आणि साधी वाक्ये वाचू शकतो, तर एन-२ झालेला वर्तमानपत्रातला लेख वाचतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात भाषांतरकार-दुभाषी म्हणून घेताना साधारणपणे एन-२ची विचारणा होते. ‘जेएलपीटी उत्तीर्ण’ एवढेच छापले की दोघे एकाच पंगतीला बसतात.

गुणांची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. एन-२ला १८०पैकी ९० गुण लागतात, शिवाय भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण या प्रत्येक भागात ६०पैकी किमान १९ हवेत. भाषाज्ञानात ५०, वाचनात ४८ आणि श्रवणात १८ पडले, तर बेरीज ११६ होऊनही विद्यार्थी नापास! आपल्याकडची मुले अडतात ती बहुतेक श्रवणातच. कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरे) आणि व्याकरण घोकून होते. कान मात्र शिक्षकांच्या सावकाश, ओळखीच्या उच्चारांना सरावलेले असतात, आणि परीक्षेत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. ज्या विभागाने तासिकांमध्ये रोज वेगवेगळ्या आवाजांतले संवाद ऐकवून हे गुण वर आणले, त्याचे काम खरे कौतुकाचे. पण नुसत्या उत्तीर्णांच्या यादीत ते दिसत नाही.

दुसरे असे की, जेएलपीटीत बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नाही. सगळे प्रश्न बहुपर्यायी. त्यामुळे एन-१चे प्रमाणपत्र असूनही बैठकीत दुभाष्याचे काम करताना जीभ अडखळू शकते. विभाग स्वतंत्रपणे संभाषण आणि दुभाषेपण शिकवतो का, हा पहिला प्रश्न वार्ताहराने विचारायला हवा.

जर्मनच्या गोएथे बी-१ या मधल्या पातळीच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चार भाग सुटेसुटे देता येतात. प्रत्येकात १००पैकी ६० हवेत, आणि जो राहिला तेवढाच पुन्हा देता येतो. म्हणून ‘बी-१ झाले’ म्हणणाऱ्याला किती भाग झाले ते विचारावे. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत १००पैकी ५० पुरतात, मात्र चारपैकी कोणत्याही भागात २५पैकी ५च्या खाली जाऊन चालत नाही.

पण सर्वांत बोलका आकडा गळतीचा आहे आणि तो कधीच छापून येत नाही. सर्टिफिकेटला वर्ग गच्च भरतो, डिप्लोमाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात, ॲडव्हान्स्ड डिप्लोमापर्यंत मूठभर उरतात. किती बसले, किती उत्तीर्ण झाले आणि किती पुढच्या वर्षी टिकले, हे तीन आकडे एकत्र दिले तर विभागाचा कस कळेल. तयारी विभागातच झाली की बाहेरच्या क्लासमध्ये, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

काही यश तर कुठल्याच परीक्षेत बसत नाही. गोव्यात १९६१पूर्वीचे जमिनीचे दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत. ते वाचून बिनचूक भाषांतर करणारे तरुण तयार होणे, ही गोव्यातल्या पोर्तुगीजच्या अध्यापनाची केवढी मोठी कमाई!

आता प्राध्यापकांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीत, प्राध्यापकांच्या नेमणुकी-बढतीसाठी मोजताना, भाषा विषयातल्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत, तर अख्ख्या पुस्तकाच्या अनुवादाला ८. चारशे पानांची जर्मन कादंबरी थेट मराठीत आणायला दोन-तीन वर्षे सहज जातात. हे गणित पाहून तरुण प्राध्यापक अनुवादाकडे पाठ फिरवतात, आणि मराठी वाचकाला रशियन, जपानी, स्पॅनिश साहित्य इंग्रजीवरून, दोनदा गाळून मिळते. माझ्या मते हा अन्याय आहे. नियम बदलेपर्यंत विद्यापीठांनी निदान आपल्या वार्षिक अहवालात थेट अनुवादांना परिषदांमधल्या सहभागाच्या वर स्थान द्यावे.

अनुवादाला पैसा मिळू शकतो. गोएथे इन्स्टिट्यूट, फ्रेंच सरकारची ‘टागोर’ योजना आणि जपान फाउंडेशन प्रकाशनासाठी साहाय्य देतात. आपल्याकडे घोळ होतो तो क्रमात. अर्ज अनुवादकाने नव्हे, प्रकाशकाने करायचा असतो. त्याआधी मूळ प्रकाशकाकडून मराठीचे हक्क घ्यावे लागतात आणि अनुवादकाशी लेखी करार असावा लागतो. पुस्तक छापून मग अर्ज केला तर तो बाद होतो. हक्कांच्या पत्रव्यवहारात महिनोन् महिने जातात, म्हणून पहिले प्रकरण हाती घेतानाच प्रकाशक गाठावा.

आपल्या हातात असलेली एक गोष्ट आजपासून करता येईल. रविवार पुरवणीत अनुवादित पुस्तकाचे परीक्षण छापताना मूळ भाषा कोणती, अनुवाद थेट आहे की इंग्रजीवरून, आणि अनुवादक कोण, या तीन गोष्टी मूळ लेखकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत द्याव्यात.

आपला,
परकीय भाषांचा एक अध्यापक, पुणे