पांढरे बदक हिवाळी पाहुणे नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

थंडी पडली की नागपूरच्या अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा या तलावांवरच्या पक्ष्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. त्यात एखादे पांढरेशुभ्र, पिवळ्या चोचीचे बदक असले, तर खाली ‘परदेशी पाहुणा’ असे लिहून येते. ते बहुधा पेकिन जातीचे, कोणीतरी हौसेने पाळून नंतर सोडून दिलेले असते. तीन-साडेतीन किलोचा देह त्याच्या पंखांना पेलत नाही.

सोडणाऱ्याला वाटते, जीव मोकळा केला. पण पेकिन हे मॅलार्ड या रानबदकाचे वंशज आणि आपले हळदीकुंकू बदक त्याचे जवळचे नातलग. दोघांचा संकर होतो आणि संकरित पिल्ले पुढे वीणही घालतात. म्हणजे विदर्भात बारमाही राहणाऱ्या, पावसाळ्यात घरटी करणाऱ्या पक्ष्याचे मूळ वाणच हळूहळू पुसट होते. ही आम्हाला सगळ्यात मोठी काळजी वाटते.

हळदीकुंकू नीट पाहून घ्या. काळी चोच, टोकाला हळदीचा पिवळा ठसा, कपाळालगत चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचा एकेक टिपका. मादीत टिपका फिका असतो, पिल्लांत दिसतही नाही; तेवढ्यावरून संकर ठरवू नये. शेपटीवर उलटे वळलेले कुरळे पीस, डोक्यावर हिरवट झाक, छातीवर पांढरा डाग, यांतले काही दिसले तर मात्र शंका घ्यावी.

उजाडल्यावर तासाभरात पूर्वेच्या काठावर उभे राहावे. ऊन पाठीशी राहते, रंग खरे दिसतात. ८ बाय ४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. ऑक्टोबरात आलेले थापट्या या स्थलांतरी बदकाचे नर अजून मादीसारख्याच मळकट पिसाऱ्यात असतात, म्हणून तो फावड्यासारख्या चोचीवरून ओळखावा. पांढऱ्या कपाळाचा वारकरी पक्षी आणि सतत बुड्या मारणारी टिबुकली ही बदके नव्हेत. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत पाळीव आणि संकरित बदकांना वेगळा रकाना ठेवावा, नाहीतर ती मॅलार्ड म्हणून मोजली जातात.

पाव, बिस्किटे, मुरमुरे टाकणे थांबवा. उरलेले तळाशी कुजते आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवते. मे महिन्यात पाणी आटून तापले की अशाच गाळात पक्ष्यांना लुळे करणाऱ्या बोटुलिझम या रोगाचे जंतू फोफावतात. २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर याच रोगाने हजारो पक्षी मेले. मान टाकलेले, पंख उचलता न येणारे बदक दिसले तर उघड्या हाताने धरू नका. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

बाजारातून आणलेली पिल्लेही तलावात सोडू नका. यंत्रात उबवलेल्या, आईविना वाढलेल्या पिल्लांची पिसे पाण्यात भिजतात. पाणी आत मुरते आणि ती गारठून मरतात.

तलावांत आधीच असलेली पाळीव बदके महापालिकेने ऑक्टोबरपूर्वी हलवावीत, ही विनंती. नावेने पाठलाग करू नये, त्यात रानपक्षीही उडून जातात. आठवडाभर रोज संध्याकाळी काठावर एकाच जागी थोडे धान्य ठेवावे, तिथेच तीन बाजूंनी जाळी उभी करावी आणि बदके सरावली की चौथी बाजू बंद करावी. मग शेततळे असलेल्या पाळणाऱ्यांकडे ती सोपवता येतील.

– काही पक्षिनिरीक्षक, नागपूर