आधी चंबळदेवी बघा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, सरदार पटेलांच्या पुतळ्याचा फोटो मिळाला. खाली तुम्ही लिहिलंय, ‘आपल्या धुळ्याचा माणूस. असं काहीतरी कर.’ दिवाळीपर्यंत बी.एड.चे फॉर्म पाठवत होतात, त्यामानाने ही प्रगतीच म्हणायची!

पण तो पुतळा घडवणाऱ्या राम सुतारांचं धाडस मला त्याच्या 182 मीटर उंचीत दिसत नाही. गोंदूरच्या सुताराचा हा मुलगा जे. जे. स्कूलमध्ये शिकला, मेयो सुवर्णपदक मिळवलं. 1954 पासून चार वर्षं पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळची झिजलेली शिल्पं सांधली. मग दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी. ती 1959 मध्ये सोडली, तेव्हा घरात लहान मूल होतं. आई, हे बाबांना दोनदा वाचून दाखव.

त्याच सुमाराची त्यांची चंबळ नदीच्या गांधीसागर धरणावरची चंबळदेवी. 45 फूट, काँक्रीटच्या अख्ख्या ठोकळ्यातून छिन्नीने कोरलेली. तिच्याजवळची दोन मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. मातीत चुकलं तर पुन्हा लिंपता येतं, कोरताना उडालेला तुकडा उडाला तो उडालाच. एवढ्या उंचीवर ती जोखीम घ्यायला छाती लागते.

सरदारांच्या पुतळ्यात लोक उंची बघतात, आम्ही मूर्तिकाम करणारे पाय बघतो. ते चालताहेत, म्हणून दोन पावलांत 6.4 मीटरची फट आहे. खाली धोतर निमुळतं, वर खांदे रुंद. वाऱ्याला तोंड देणारा आकार याच्या बरोबर उलटा हवा. तो तोल इंजिनिअरांनी सांभाळला, पण ती चाल सुतारांची.

त्यांचं सगळंच मला आवडतं असं नाही हं. चौकाचौकातले काही पुतळे ठरीव वाटतात. संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधी मात्र वेगळेच. शंभरी ओलांडून डिसेंबर 2025 मध्ये सुतार गेले, तेव्हा इथल्या चितारओळीतले मूर्तिकारसुद्धा त्याच गांधींबद्दल बोलत होते.

इथे नागपुरात आता ऊन मी म्हणतंय. माती तासाभरात तडकते, म्हणून ओलं गोणपाट आणि वर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवते. रात्री उघडून काम करते. सध्या आजीचा अर्धपुतळा चाललाय. नाक, हनुवटी जमली. अडलंय ते डोळ्यांशी. बुबुळाच्या जागी माती खोलगट काढायची आणि वरच्या कडेला बारीकसा ठिपका राखायचा. खड्ड्यात सावली पडते, ठिपक्यावर उजेड, आणि नजर येते. ठिपका सूतभर सरकला की आजी रागावलेली दिसते. (तशी ती रागवायचीच म्हणा.)

तुम्ही दिलेले सगळे फोटो समोरून काढलेत. काकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती हळद लावताना बाजूने दिसते, बहुतेक अंबाडा पण आहे. बाबा, तो फोटो उन्हात धरू नका, घरातच खिडकीजवळ ठेवून मोबाइलवर सरळ काढा आणि लगेच पाठवा. आई, कानातल्या कुड्यांचं मापही कळव.

तुमची,
ताई