मेणाच्या नेत्यांना खाडीकाठची हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवसांत ठाणे-नवी मुंबईच्या मॉलमध्ये गांधीजी, लिंकन, चर्चिल, मंडेला यांचे मेणाचे पुतळे मांडले की ‘चेहरा काही जुळत नाही’ हा शेरा हमखास ऐकू येतो आणि दोष मूर्तिकाराच्या माथी बसतो. साचेकाम आणि रंगकाम करणारे आम्ही काही जण याबद्दल लिहीत आहोत. पुष्कळदा चेहरा कारखान्यातून नीट निघालेला असतो. तो बिघडतो मांडलेल्या जागी.

मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते हे सर्वांना ठाऊक असते. पण ते ३५ अंशांच्या आसपासच दबू लागते, हे आयोजक लक्षात घेत नाहीत. मे महिन्यात रात्री एसी बंद केला, वर हॅलोजन जवळ टांगले, की आधी कानाच्या पाळ्या आणि बोटे वाकतात, मग डोक्याच्या भाराने मान खचते. गांधीजींचा चष्मा नाकाच्या मेणात रुततो. त्याच्या काड्या कानामागे आत खोचून घट्ट केल्या तर भार नाकावर येत नाही, एवढी साधी गोष्ट राहून जाते. हॉलचे तापमान चोवीस तास २० ते २२ अंश राहिले पाहिजे. दिवसा एसी आणि रात्री बंद, हे तर सर्वांत वाईट. पावसाळ्यात थंडगार पुतळ्यावर दमट हवेचे पाणी धरते. मेणाला बुरशी सहसा लागत नाही, पण कोट, धोतर, केस आणि आतला लाकडी सांगाडा यांना लागते. दिवे एलईडीच असावेत आणि तेही लांबून.

आता घडणीतल्या चुका. मेण गार होताना साधारण दोन टक्के आकसते. म्हणून ज्यावरून साचा घेतात ते मातीचे डोके तेवढे मोठे घडवावे लागते. २३ सेंटिमीटरच्या डोक्याला जवळजवळ अर्धा सेंटिमीटर. हे विसरले की कोटाच्या कॉलरवर डोके लहान दिसते. मेण थेट आचेवर नव्हे, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावे. प्लास्टरचा साचा आधी पाण्यात भिजवावा, नाहीतर मेण चिकटते. एका दमात ओतावे. मध्ये हात थांबला की गालावर आडवी रेघ उमटते. बाहेरचे कवच घट्ट झाल्यावर आतले पातळ मेण काढून घेतात. हे कवच फार पातळ राहिले तर केस रोवताना सुई आरपार जाते. केस एकेक करून रोवायचे असतात, त्याला चारपाच आठवडे लागतात. घाईत टोप चढवतात, आणि मग कपाळाची कड टोपीसारखी दिसते.

नेत्यांच्या बाबतीत खरी अडचण छायाचित्रांची. जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. तो फोटो मापाला घेऊ नये. नेटवरचा फोटो कधी कधी उलटा झालेला असतो, मग लिंकनच्या उजव्या गालावरचा मस डावीकडे जातो. लिंकनसाठी तर फोटोवर विसंबायची गरजच नाही. १८६० मध्ये लिओनार्ड व्होल्क या शिल्पकाराने त्यांच्या चेहऱ्याचा आणि हातांचा प्रत्यक्ष साचा घेतला होता. हस्तांदोलने करून सुजलेला उजवा हातही त्यात जसाच्या तसा आहे. मात्र तो चेहरा बिनदाढीचा. १८६५ चा क्लार्क मिल्स यांनी घेतलेला साचा दाढीचा, गाल खोल गेलेला. पाच वर्षांत माणूस केवढा थकला ते दोन्ही साचे शेजारी ठेवले की दिसते. म्हणून कोणत्या वर्षाचा नेता उभा करायचा ते आधी ठरवावे, पोशाख मग.

गांधीजी सर्वांत अवघड. सुटाबुटातल्या नेत्याचे डोके आणि हात तेवढे मेणाचे, बाकी धड फायबरचे चालते. गांधीजींची छाती, खांदे, पाय उघडे; मेण आणि फायबर यांवर एकच रंग वेगळा दिसतो. तेलरंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक थोपटत चढवावे लागतात. मंडेलांच्या तळहातालाही चेहऱ्याचाच रंग फासलेला दिसतो, तो डोळ्यांना लगेच खटकतो.

वाहतुकीत डोके वेगळ्या पेटीत, मऊ गादीवर न्यावे. घोडबंदर रोडचे खड्डे मानेचा जोड सहन करत नाहीत. धूळ मऊ ब्रशने झाडावी. रॉकेल, पेट्रोल लावलेल्या फडक्याने मेणच विरघळते. सेल्फीसाठी खांद्यावर हात टाकू द्यायचा असेल तर रोज सकाळी दार उघडण्यापूर्वी केस, रंग, कपडे पाहणारा माणूस नेमावा. हे जमणार नसेल, किंवा जागा एसी नसलेल्या लॉबीत असेल, तर मेण नकोच. कोल्हापूरजवळच्या कणेरीच्या सिद्धगिरी मठात उघड्यावरच्या ग्रामजीवनाच्या मूर्ती सिमेंटच्या आहेत, आणि ती निवड योग्य आहे. मेणाऐवजी रबरासारखे सिलिकॉन वापरले तर पाटीवर तसे लिहावे. तिकीट मेणाच्या पुतळ्यांचे घेतलेले असते.

साच्यांबद्दल शेवटचे. लंडनच्या मादाम तुसॉ संग्रहालयाला १९२५ मध्ये आग लागली तेव्हा साचे वाचले होते, म्हणून पुतळे पुन्हा ओतता आले. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात मात्र डोक्यांचे साडेतीनशेहून अधिक साचे नष्ट झाले. आपल्याकडे धोका पाण्याचा. तळमजल्याच्या गोदामात एक पावसाळा पाणी शिरले तरी प्लास्टर भुसभुशीत होते. साचे वरच्या मजल्यावर, जमिनीपासून उंच फळीवर आणि पुतळ्यांपासून वेगळ्या इमारतीत ठेवावेत.

आपले,
साचेकाम व रंगकाम करणारे काही वाचक, कळवा, ठाणे