'जनरल आदिवासी'

महोदय,

मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात यंदाही 'आदिवासी नृत्य' झाले. कमरेला क्रेप कागदाची पाने, गालांवर पांढऱ्या रेघा, मागे 'झिंगालाला'. वारली की कातकरी, असे विचारले तर बाई म्हणाल्या, "जनरल आदिवासी!"

त्याच आठवड्यात न्यूझीलंडचा 'व्हेल रायडर' (२००२) पुन्हा पाहिला. छोट्या बजेटचा हा चित्रपट तिथल्या मूळनिवासी माओरींच्या ज्या किनाऱ्यावरच्या गावात घडतो, तिथेच चित्रित झाला. (दिग्दर्शिका निकी कारो स्वतः माओरी नाहीत, त्यावर टीकाही झाली.)

त्यातला एक प्रसंग. बोटीचे इंजिन दुरुस्त करणारे आजोबा नात पाईला दोर दाखवतात. पीळ दिलेला एकेक धागा म्हणजे आपला एकेक पूर्वज. मग इंजिन सुरू करायला ओढताना तोच दोर तुटतो. आजोबा दुसरा आणायला जातात, तोवर पाई तुटलेली टोके बांधून इंजिन सुरू करते. शाबासकी? छे! पुन्हा असले काही करू नकोस, ही ताकीद. वारसा मुलग्याकडेच जायचा, हा हट्ट! परंपरा इथे शोभेची नाही; तिचा जाच आणि तिची ओढ एकाच पोरीच्या वाट्याला येते. ती भूमिका करणारी केशा कासल-ह्यूज पहिल्याच चित्रपटासाठी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली, तेराव्या वर्षी.

आमच्या ठाण्याहून डहाणू लोकलने गाठता येते. पुढच्या वर्षी नाच बसवण्याआधी शाळेने तिथल्या एखाद्या वारली तारपावादकाला (तारपा म्हणजे त्यांचे फुंकून वाजवायचे वाद्य) मानधन देऊन बोलवावे, मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. क्रेप कागदाचा खर्च तेवढाच वाचेल.

– एक पालक, ठाणे