ताई, हे निघताना बोलायचं राहिलं होतं

ताई,

पूरग्रस्तांच्या मदतकार्यातली माझी इंटर्नशिप संपून तीन आठवडे झाले आणि तुम्हाला नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, मी निघाले तेव्हा तुम्ही टँकरवाल्याशी फोनवर बोलत होतात, हातानेच "नीघ, नीघ" केलंत. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. मदतकार्याच्या फोटोंमध्ये तुम्ही कधीच दिसत नाही, निदान इथे तरी दिसाल.

मला वाटायचं रिलीफचं काम म्हणजे ट्रकवर उभं राहून सामान वाटायचं. तुम्ही पहिल्याच दिवशी गोडाऊनमध्ये बसवून ताडपत्र्या मोजायला लावलंत, चार बाय सहा मीटरच्या. रजिस्टरपेक्षा दोन कमी भरल्या. मी म्हटलं दोनच तर आहेत, तुम्ही काही न बोलता माझ्यासोबत परत मोजायला बसलात, आणि त्या दोन ब्लँकेटच्या गठ्ठ्यामागे सापडल्या तेव्हा म्हणालात, "आता आज दोन घरं भिजणार नाहीत." तेव्हापासून मी कुठलाही आकडा सहज म्हणून लिहिलेला नाही.

पाण्याचं तर काय सांगू. माणशी दिवसाला किमान 15 लिटर, एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसं, घरापासून नळ 500 मीटरच्या आत, हे सगळं मी स्फिअर हँडबुकमधून, म्हणजे मदतकार्याचे किमान निकष सांगणाऱ्या पुस्तकातून, पाठ केलं होतं आणि आपली टाकी बरोबर नियमात बसतेय म्हणून खुशीत सांगायला आले. तुम्ही 20 लिटरचा भरलेला कॅन माझ्या हातात दिलात, म्हणालात जा, त्या शेवटच्या तंबूपर्यंत नेऊन ये. चिखलात दोनदा खाली ठेवला, हँडल बोटांत रुतून लाल वळ उठले. परत आले तर विचारलंत, "सातवा महिना लागलेल्या बाईने हे दिवसातून किती वेळा करायचं?" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या बाजूला वेगळी टाकी उभी होती. आणि रोज सकाळी टेस्ट ट्यूबमध्ये गोळी टाकून पाणी गुलाबी होतंय का बघायचं, क्लोरीन लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅमच्या मध्ये आहे ना, हे तुम्ही कितीही घाई असली तरी सोडलं नाहीत, टँकरवाला "आत्ताच भरून आणलाय" म्हणाला तरी नाही.

पण खरं थँक्यू मदत द्यायच्या कुटुंबांच्या यादीसाठी आहे. मी सर्व्हे करताना एका छताखाली एक कुटुंब असं धरत गेले आणि एका घरात मागच्या खोलीत दोन लेकरांना घेऊन वेगळी राहणारी विधवा सून सुटली. तिला टोकनच मिळालं नाही. वाटपाच्या दिवशी ती रांगेच्या बाजूला नुसती उभी होती, भांडली नाही, काही मागितलं नाही, आणि मला ती दिसलीच नाही, तुम्हाला दिसली. सगळ्यांसमोर तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. संध्याकाळी कंदिलाएवढ्या उजेडात पूर्ण यादी माझ्यासोबत एकेक ओळ वाचलीत, आणखी तीन घरं निघाली तशी. सकाळी निघताना म्हणालात, "किट मी उचलते, माफी तू मागायची." मी मागितली. ती बाई मलाच बस म्हणाली. त्यानंतर मी दारात जाऊन घरात माणसं किती हे विचारायच्या आधी चुली किती ते विचारायला लागले.

अजून कितीतरी आहे. बाहेरून आलेल्या एकाला किट घेणाऱ्या आजोबांसोबत फोटो हवा होता, तर तुम्ही आधी आजोबांना विचारलंत आणि ते नको म्हणाल्यावर विषय तिथेच संपवलात. ज्या काकांची बायको पुरात गेली त्यांच्याजवळ मी काय बोलू कळेना, तर "काय झालं ते खोदून विचारू नकोस, बोलले तर ऐक, नाहीतर नुसती बस" इतकंच सांगितलंत. त्या रात्री मला झोप लागली नाही हे तुम्ही कसं ओळखलंत माहीत नाही, पण सकाळी मला फील्डवर न पाठवता गोडाऊनला ठेवलंत आणि संध्याकाळी अर्धा तास शेजारी बसून राहिलात.

खूप खूप आभार, ताई. तुमचं पेन्सिलच्या खुणा केलेलं हँडबुक चुकून माझ्या बॅगेतच आलंय. पोस्टाने पाठवणार नाहीये, परीक्षा संपली की स्वतः घेऊन येते, तेव्हा गोडाऊनच्या मोजणीला माझं नाव आधीच लिहून ठेवा.

तुमची,
ताडपत्रीवाली इंटर्न