निळा-पिवळा मफलर

वेंटवर्थविल,
9 ऑक्टोबर 2022

चि. सोनू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज कोजागरी. दूध आटवायला ठेवलंय, बाबा पातेल्यापाशी उभे आहेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसलेय. परवा फोनवर तू दोनच मिनिटं बोललास आणि त्या दोन मिनिटांत आपला पॅरामाटाचा रग्बी लीग संघ सोडून चाललेल्या पापालिई आणि महोनी, दोघांनाही गद्दार म्हणालास. तो शब्द काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. फोनवर मला नीट मांडता येत नाही आणि तू मध्येच तोडतोस, म्हणून पत्र.

तू विचारलंस, फायनल हरलो तेव्हा रडलीस का. बाबा शेजारी होते म्हणून मी विषय बदलला. रडले रे. पण सामना संपल्यावर नाही, त्याच्या आधी. ते पुढे सांगते.

पेनरिथशी फायनलचा रविवार होता, नवरात्राची सातवी माळ, रंग नारिंगी. मंडळातल्या सगळ्या बायकांचे नारिंगी साड्यांतले फोटो फोनवर येत होते आणि मी गळ्यात तुझा निळा-पिवळा मफलर बांधून लिडकमला गाडी बदलत होते. उपास होता, म्हणून डब्यात शेंगदाण्याचे लाडू. गाडीत अर्धे लोक आपले आणि अर्धे पेनरिथचे. एकाच रेल्वेमार्गावरची दोन गावं, शेजारीशेजारी बसलेली, आणि कुणी कुणाशी भांडत नव्हतं. मैदानात 82,415 माणसं होती, आकडा पडद्यावर दाखवला. 1986 नंतर 36 वर्षं आपल्याकडे कप नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी त्या वर्षीची जर्सी घातली होती, कोपरावर विरलेली. तेव्हाची फायनल एकही ट्राय न होता, म्हणजे रेषेपलीकडे कुणीच बॉल न टेकवता, 4-2 अशी आपण जिंकलो होतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकतेय असं ऐकलं.

त्याआधी आपल्या मुलींची फायनल झाली, ती तू पाहिली नाहीस म्हणालास. पाहायला हवी होतीस. साखळीत पाचपैकी एकच सामना जिंकलेला हा संघ, उपांत्य सामन्यात रूस्टर्ससारख्या संघाला 24-10 हरवून आला. न्यूकॅसलने 32-12 हरवलं, पण सिमायमा टाउफा शेवटपर्यंत पकडी करत होती. पकड म्हणजे काय ते मला कळतं.

मग आपला सामना. मध्यंतरालाच 18-0. तू म्हणालास, आपली माणसं घाबरली. माझं मत वेगळं आहे. तू सात वर्षांचा होतास तेव्हा मला हा खेळ समजावला होतास, आठवतं? "आई, सहा टॅकल मिळतात, सहाव्याला पकडलं की बॉल त्यांचा." मी म्हटलं होतं, ही तर कबड्डीच आहे, फक्त दम धरायचा नाही आणि बॉल सोडायचा नाही. अजूनही मी हा खेळ तसाच बघते. कबड्डीत दमलेल्या गड्याला पकडणं सोपं आणि ताज्या गड्याला पकडताना दोघंतिघं लागतात. पेनरिथचे टोओ आणि एडवर्ड्स पहिल्या दोन पकडींतच इतकं अंतर कापायचे, की त्यांचा क्लिअरी किक मारायचा तेव्हा ते आपल्या हद्दीत असायचे आणि आपण आपल्याच ट्राय-रेषेजवळून पुन्हा सुरुवात करायचो. प्रत्येक वेळी. चाळीस मिनिटं सतत उताराच्या खालच्या बाजूने चढावर ढकलायचं. आपला पाउलो पकडीत असताना हात मोकळा काढून बॉल पुढच्याला देतो ना, त्यावर आपलं अर्धं आक्रमण उभं आहे. त्या रात्री त्याच्या बॉलच्या हातावरच एक जण लटकलेला दिसायचा. ते त्याचा अभ्यास करून आले होते. हा घाबरटपणा नव्हे. त्या रात्री समोरचा संघ आपल्यापेक्षा चांगला होता, एवढंच.

आणि आपल्याच संघाने या वर्षी त्यांना दोनदा हरवलंय, हे विसरू नकोस. मे महिन्यात त्यांच्या घरी जाऊन 22-20, जुलैत 34-10. मेलबर्नलाही दोनदा हरवलं. यंदाच्या संघाचा स्वभावच मला शेवटपर्यंत उमगला नाही. डार्विनमध्ये काउबॉइजकडून 35-4 असा मार खाल्ला आणि पुढच्याच आठवड्यात पेनरिथला त्यांच्या अंगणात लोळवलं. ईस्टर सोमवारी टायगर्सशी एका गुणाने हरलो, जूनमध्ये बुलडॉग्जनी 34-4 धुतलं. तुझे बाबा म्हणायचे, राजाशी कुस्ती जिंकतात आणि शिपायाकडून चीत होतात. साखळीत चौथे आलो, बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात पेनरिथने 27-8 मारलं आणि वाटलं, संपलं. 2019, 2020, 2021, तिन्ही वर्षं बाद फेरीच्या दुसऱ्या आठवड्यात घरी आलो होतो, हेही तसंच.

पण तसं झालं नाही. कॅनबेराला 40-4! तू तिथल्या वसतिगृहात हिरव्या जर्सींच्या घोळक्यात एकटा निळा-पिवळा बसलास, तो फोटो मी कपाटाच्या दारावर लावलाय. नंतर टाउन्सव्हिलला काउबॉइजच्या मागे पडूनही 24-20. सिवोने कोपऱ्यात बॉल टेकवला तेव्हा मी किंचाळले आणि शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या, काय झालं म्हणून.

आता तुझ्या त्या शब्दाकडे येते.

महोनी बुलडॉग्जकडे चाललाय, पापालिई टायगर्सकडे, निउकोरे वॉरियर्सकडे, काउफुसी शार्क्सकडे. चांगली चार माणसं एकदम. मलाही टोचतं. त्यातही महोनीचं जाणं सर्वात जास्त, कारण बॉल जमिनीवरून उचलून पहिला पास देणारा तो, आणि पकडीही ढिगाने त्याच्याच. पण सोनू, हे कुणाच्या मनातलं कपट नाही. प्रत्येक क्लबला पगारासाठी ठरावीक रक्कम, त्यापुढे जाता येत नाही. गेलो होतो की आपण एकदा! 2016 साली बारा गुण कापले गेले आणि दहा लाख डॉलर दंड झाला, तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास आणि सगळा राग क्लबच्या लोकांवर काढला होतास. तेव्हा तू बरोबर होतास. मग आता नियम पाळून माणसं जाऊ दिली, तर दोष खेळाडूंचा कसा? संघ वर आला की त्यातल्या प्रत्येकाची किंमत वाढते आणि सगळ्यांना वाढीव किंमत देता येत नाही. पापालिई दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. इथे येऊन तो मोठा झाला. दुसऱ्याने जास्त दिले, त्याने घेतले.

मला सांग, रे स्टोन आठवतो? मार्चमधला मेलबर्नचा सामना. बरोबरी, जादा वेळ, जो आधी गुण करेल तो जिंकणार. आपण सोफ्यावर उभे राहून बघत होतो, तू सुटीला आला होतास. स्टोनने बॉल छातीशी धरला, रेषेवर झोकून दिलं, ट्राय. 28-24. सगळे त्याच्या अंगावर पडायला धावले आणि तो गुडघा धरून पडलेला. त्याच क्षणी त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. वर्ष संपलं त्याचं. आणि तो डॉल्फिन्सशी करार करून बसला होता, पुढच्या वर्षी आपल्याकडे नसणारच होता. ज्या क्लबला सोडून जायचंय, त्याच्यासाठी त्याने गुडघा दिला. त्याला तू गद्दार म्हणशील?

मी हे का धरून बसलेय, तुला थोडंसं माहीत आहे, पूर्ण नाही. मी उजव्या कोपऱ्यात खेळायचे. जिल्ह्याच्या सामन्यात कराडला, एकोणिसावं संपायचं होतं, चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरला आणि माझाच पाय खाली मुडपला. आवाज आला, सुकी काटकी मोडावी तसा. त्या दिवसानंतर मी मैदानात उतरले नाही. तुझ्या आजोबांनी मालिशवाल्याकडे नेलं, हळद-तुरटीचा लेप लावला, शस्त्रक्रियेचं नावसुद्धा कुणाला सुचलं नाही. अजून जिना उतरताना मी कठडा धरते, ते त्यामुळे. शरीरावर पोट असलेल्या माणसाकडे फार तर दहा वर्षं असतात, आणि ती एका पावलात संपू शकतात. महोनीने मागच्या वर्षी खांदा घालवला, बरा होऊन आला, हे वर्ष आपल्यासाठी खेळला, फायनलला शेवटच्या मिनिटापर्यंत धावला. त्याच्या आईने त्याला काय सांगावं, थोड्या पैशात राहा म्हणून? मी नसतं सांगितलं.

त्याच्या जागी तुझ्या कॅनबेराचा हॉजसन येतोय. खेळ समजणारा माणूस आहे, पण वय तेहतीसच्या घरात आणि या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेलाय. मला त्याची धाकधूक आहे. तुझ्या खोलीतल्या मित्राला विचार, त्याने हॉजसनला इतकी वर्षं पाहिलंय. पेनरिथकडून हॉपगुड येतोय, तरणा आहे, त्याच्यावर माझा जास्त भरवसा. मोझेसचा करार पुढच्या वर्षाअखेर संपतो आणि नोव्हेंबरपासून दुसरे क्लब त्याच्याशी बोलू शकतात. तो राहावा असं मला मनापासून वाटतं. ब्राउन, मोझेस आणि गदरसन हे तिघं जागेवर असतील तर बाकीचं बांधता येईल. पुढच्या फळीत पाउलो आणि कॅम्पबेल-गिलार्ड आहेत, लेन यंदा जसा खेळला तसा खेळला तर पापालिईची उणीव थोडी झाकली जाईल. पण बाकावरून उठून येणारी माणसं कमी पडतील. पुढचं वर्ष कठीण जाईल, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पहिल्या आठात येणंही सोपं नाही.

आता रडण्याचं सांगते.

ऑगस्टमध्ये मोझेसचं बोट मोडलेलं असताना जेकब आर्थर मैदानात आला आणि आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली. का, तर तो कोचचा मुलगा. एकोणीस वर्षांचं पोर, तुझ्याच वयाचं. बाप बाजूला बसून ऐकतोय. मी टीव्हीचा आवाज बंद केला, मला ऐकवेना. खेळ आवडला नाही तर घरी बसून बोला, पण मुलगा मैदानात पाऊल टाकतानाच त्याला ओरडायचं? ब्रॅड आर्थर 2014 पासून हा संघ चालवतोय. 2018 ला तळाला गेलो तेव्हा सगळे त्याला काढा म्हणत होते. त्याच माणसाने फायनलपर्यंत आणलं. त्याच्या पोराला ही वागणूक.

फायनलला 28-0 झालं तेव्हा आपल्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. गाडीची गर्दी चुकवायची असेल, समजू शकते. आमची रांग जवळजवळ मोकळी झाली. विरलेल्या जर्सीचे आजोबा बसून राहिले, म्हणून मीही बसले. शेवटच्या काही मिनिटांत आपण दोन ट्राय केले. एक गदरसनचा, कॅप्टनचा. आणि दुसरा जेकबचा.

त्याने बॉल टेकवला, उठला, आणि फार आनंद न दाखवता मागे चालायला लागला, कारण स्कोअर काय आहे ते त्यालाही दिसत होतं. आजोबांना पटकन उभं राहता येईना, त्यांनी माझा हात धरला, मग आम्ही दोघं उभे राहून टाळ्या वाजवल्या. तेव्हा रडले. पेनरिथने कप उचलला तेव्हा डोळे कोरडे होते.

दिवाळी 24 तारखेला आहे, सोमवार. शनिवारच्या बसने ये, रविवारी फराळाला बसू. तुझ्या हिरव्या मित्राला पण आण, त्याला चकली आवडते म्हणाला होतास. मफलर धुवून ठेवलाय, एका टोकाला धागा सुटलाय तो मी ओवून घेते.

बाबा बोलावतायत, दूध झालं.

तुझी,
आई