यंदाच्या आगोटीत एवढं घाला

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पावसाआधीची आगोटीची कामं सुरू झाली असतील. लाकडं खोपीत, सुकी मासळी डब्यात, हे आईला मी सांगायला नको. यंदा त्यात माझ्या दोन गोष्टी घाला: फ्लूची लस आणि माजघरातल्या खुंटीला एक पिशवी.

बाबा, तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. "शेजारच्या भाऊंनी इंजेक्शन घेतलं आणि तिसऱ्या दिवशी तापले." अहो, त्या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो, त्यानं फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाददुसरा दिवस कणकण वाटते, झालं. शिवाय लशीचा गुण यायला साधारण दोन आठवडे लागतात, त्याआधी भाऊंना दुसरं काही लागलं असणार. साधी सर्दी तिनं थांबणार नाही, कधी फ्लूही होईल. पण पासष्टीपुढे, त्यातून साखर असताना, फ्लू छातीत उतरून भरती व्हायची वेळ येते, तो धोका कमी होतो. मागच्या वर्षी घेतली म्हणून यंदा चालत नाही. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले प्रकार नव्यानं ठरवते.

आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात, आणि त्यातच गणपतीला आम्ही चाकरमानी खचाखच भरलेल्या गाड्यांतून खोकत येणार. तेव्हा मिरगाआधीच टोचून घ्या. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, म्हणून मेडिकलमधून आणून आपल्या फ्रिजात बांगड्यांशेजारी ठेवायची नाही. वाऱ्यापावसात आपली वीज किती टिकते ते ठाऊकच आहे. दवाखान्यातच घ्या, आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असल्याचं आधी सांगा. मग कापूस दोन मिनिटं जास्त दाबून धरतील, एवढंच.

आता पिशवी. प्लास्टिकची, चेनवाली. वरच्याच कागदावर दोघांच्या गोळ्या: नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा. बाबांची रक्त पातळ व्हायची गोळी आणि आईला सल्फाची औषधं चालत नाहीत, हे लाल शाईनं. त्याखाली बाबांचा जुना ईसीजी. नव्याशी ताडून पाहायला डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. आधार, आणि बाबांचं सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड. त्यावर भरतीचा खर्च निघतो, नुसत्या तपासणीचा नाही, म्हणून थोडी रोकडही ठेवा. चार्जर, बॅटरी, बाबांच्या कवळीची डबी.

खरी अडचण पाखाडीच्या पायऱ्यांची आहे. १०८ची गाडी वर देवळापाशीच थांबणार. बाबांना चालवत वर नेऊ नका, छातीत दुखत असेल तर मुळीच नाही. ओट्यावरच्या हातवाल्या खुर्चीत बसवायचं आणि वाडीतल्या पोरांनी पुढून-मागून उचलायचं. यंदा पाखाडीवरचं शेवाळ पोरांकडून घासून घ्या, मजुरी मी पाठवते. एकानं बॅटरी घेऊन देवळाशी उभं राहायचं, नाहीतर गाडी पुढच्या वाडीत जाते.

आई, हे तुझ्यासाठी. म्हातारपणी ताप चढेलच असं नाही. बाबा एकाएकी असंबद्ध बोलायला लागले, धाप लागली, ओठ निळसर दिसले, किंवा बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा ९४च्या खाली राहिला, तर काढा उकळत बसू नकोस. फ्लूवरची गोळीसुद्धा पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त लागू पडते, तेव्हा नुसता ताप-खोकला असला तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना. आणि छातीत दुखून घाम फुटला तर त्याला "गॅस झाला" म्हणायचं नाही, बाबांनी कितीही म्हटलं तरी.

आधी १०८, मग वाडीत हाक, मग मला फोन. मी रात्री ठाण्याहून निघाले तरी पोचेपर्यंत उजाडतं, आणि माझ्याशी बोलण्यात दहा मिनिटं जातात.

लस आली का, ते या आठवड्यात दवाखान्यात विचारा. नसली तर कळवा, मी चिपळूणला चौकशी करते. पैशांवरून बाबा कुरकुर करतील. त्यांना सांग, यंदाच्या आंब्याच्या पेटीतून वळते करून घेईन.

तुमची,
बेबी